टॉवर, मुकुट, बाण : जुन्या पिस्तुलांवरचे शिक्के आणि तुमचे प्रश्न

पावसाळ्याआधी घरोघरचे माळे रिकामे होतात आणि मग त्याच त्या चौकशा येतात. पितळी टोपी लावलेला दस्ता, गंजलेली नळी, ट्यूबलाइटखाली काढलेला एक धूसर फोटो आणि खाली एवढंच : "किती जुनं आहे आणि किती येतील?" शिक्का म्हणजे वस्तूचा जन्मदाखला, असा समज या सगळ्यामागे असतो. शिक्का पुष्कळदा एवढंच सांगतो की ही वस्तू कुणाच्या मालकीची होती, कुणी तपासली, कुणी विकायला काढली. साल त्यातून काढावं लागतं, आणि तेही अंगावरचे सगळे शिक्के एकमेकांशी ताडून.

पत्रांतून 'घोडा' हा शब्द दोन अर्थांनी येतो. इथे घोडा म्हणजे मागून पुढे आपटणारा हॅमर. बोटाने ओढतात तो चाप. दारू पेटवणारी घोडा-स्प्रिंगांची यंत्रणा म्हणजे लॉक, आणि ती ज्या धातूच्या पट्टीवर बसवलेली असते ती लॉक प्लेट.

प्रश्न : लॉक प्लेटवर मुकुट, त्याखाली जी. आर. आणि मागच्या टोकाला इंग्रजीत 'टॉवर' असं आहे. साल कुठेच नाही. विकणाऱ्याने पानिपतच्या लढाईतलं म्हणून सांगितलं. खरं का? (डोंबिवली)

नाही. 'टॉवर' हे कारागिराचं नाव नाही आणि सालाशीही त्याचा संबंध नाही. लंडनच्या टॉवरमध्ये सरकारी शस्त्रागार होतं. वेगवेगळ्या ठेकेदारांकडून आलेल्या नळ्या, लॉक, दस्ते तिथे तपासून जमा होत. जी. आर. म्हणजे जॉर्ज राजा, आणि जॉर्ज एक नव्हे, १७१४ ते १८३० या काळात ओळीने चार होऊन गेले. पुढे डब्ल्यू. आर. दिसलं तर विल्यम, १८३० ते १८३७. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ई. आर. म्हणजे एडवर्ड, १९०१ ते १९१०. त्यानंतर पुन्हा जॉर्ज येतात, पाचवे आणि सहावे. त्यामुळे नुसत्या जी. आर.वरून शतकही ठरत नाही, आधी यंत्रणा चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, आहे की काडतुसाची ते बघावं लागतं.

तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट म्हणजे साल नसणं. ब्रिटिश सरकारी लॉकवर आधी ठेकेदाराचं नाव आणि साल घालत. ती पद्धत १७६४मध्ये बंद झाली. साल नसलेलं 'टॉवर' लॉक अस्सल असलं तरी ते बहुधा त्यानंतरचं. पानिपत जानेवारी १७६१चं, आणि त्या मैदानावर इंग्रजांची फौज नव्हतीच. विकणाऱ्याने इतिहासाचं पुस्तक उघडण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. तुम्ही पावती मात्र घेतली असेल अशी आशा आहे.

प्रश्न : नळीवर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण आहे. मराठ्यांचा भाला का? (सातारा)

नाही, ती ब्रिटिश सरकारी मालकीची खूण आहे. तिच्याखाली इंग्रजी 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकाला टोक भिडवून ठोकलेले असतील तर सरकारने तो नंतर सेवेतून काढून विकला.

प्रश्न : हृदयाच्या आकारात चार खण, त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं, वर चारच्या आकड्यासारखी खूण आणि खाली १७९९. पण पिस्तूल चकमकीचं नाही, टोपी (घोडा आपटला की पेट घेणारी स्फोटकाची छोटी वाटी) बसवायची निप्पल आहे. साल खोटं का? (गिरगाव)

दोन्ही खरी असू शकतात. हृदय ईस्ट इंडिया कंपनीचं. त्यातला 'व्ही' म्हणजे जुन्या वळणाचा 'यू', युनायटेडचा. ही खूण साधारण १८०८पर्यंत चालली. पुढे मागच्या पायांवर उभा राहून पंजात मुकुट धरलेला सिंह आला आणि १८५८मध्ये कारभार राणीकडे गेल्यावर तोही थांबला. हृदयाखाली १७९९ जुळतं. हृदयाखाली १८२५ असतं तर भुवया उंचावल्या असत्या. सरकारी खात्याने नाव-साल घालणं सोडल्यानंतरही कंपनीच्या लॉकवर ते सापडतं, म्हणून कंपनीचं पिस्तूल सालाच्या बाबतीत सोपं.

टोपी नंतर आली. ब्रिटिश फौजेने चकमक सोडून टोपी घ्यायला सुरुवात केली ती १८३०च्या दशकाच्या अखेरीस, आणि चांगली हत्यारं फेकून न देता बदलून घेतली. तो बदल प्लेटवर दिसतो. खोलीत अंधार करा आणि टॉर्च प्लेटला जवळजवळ समांतर धरा. घोड्याच्या पुढे, जिथे रंजकदाणी (पेटवणीची दारू ठेवायची वाटी) होती, तिथे प्लेटच्या वरच्या कडेला खाच भरून काढल्याची रेघ दिसेल. तिच्या पुढे बारीक गोल ठिपके दिसतील, आजूबाजूच्या धातूपेक्षा एक छटा वेगळे : चकमकीच्या पोलादाचे आणि त्याच्या स्प्रिंगचे स्क्रू जिथे बसत ती बुजवलेली छिद्रं. नळीच्या उजव्या अंगाला, मूळच्या रंजकाच्या छिद्रावर, लोखंडी गुटका बसवून त्यात निप्पल आटवलेली असेल.

हे ठिपके सापडले तर लॉक १७९९चं आणि बदल चार-पाच दशकांनी नंतरचा. प्लेट सलग असेल, एकही बुजवलेलं छिद्र नसेल, तर ती प्लेट मुळातच टोपीसाठी बनलेली आहे आणि १७९९ हा आकडा कुणीतरी मागाहून ठोकलेला आहे. लॉकचं साल नळीला लावू नका, दस्त्याला तर नाहीच. डागडुजीत एकाचं लॉक दुसऱ्याच्या दस्त्यात जाणं नेहमीचं होतं. खात्रीसाठी लॉकची आतली बाजू बघावी लागते. ते जाणकाराकडूनच करून घ्या. दोनशे वर्षं न हललेल्या स्क्रूची खाच घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने पहिल्या पिळातच उडते, आणि मेनस्प्रिंगला क्लॅम्प न लावता भाग सुटे केले तर स्प्रिंग तरी तुटते किंवा बोट तरी.

प्रश्न : दस्त्याच्या पितळी टोपीवर १८५७ कोरलंय! उठावातलं समजायचं ना? (पुणे)

पितळी टोपीवरचे आकडे बहुधा पलटणीतल्या हत्यारांचे अनुक्रमांक असतात. आकड्याच्या आधी किंवा वर एखादं अक्षर दिसतंय का ते बघा. असेल तर ती तुकडीची खूण. नसेल आणि आकडा एकटाच, सुबक आणि खोल असेल, तर विक्रेत्याला कुठलं साल खपतं ते चांगलं माहीत होतं, एवढंच समजा.

प्रश्न : चोरबाजारात मटन स्ट्रीटवर पितळी नळीचं 'टॉवर' पिस्तूल दिसलं. अस्सल कसं ओळखायचं? (माहीम)

दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत बरंच कळतं. अक्षरांवरून नख फिरवा. ठशाने ठोकलेलं अक्षर कडांना धारदार असतं, धातू बाजूला सरकून किंचित उचललेला असतो. ओतकामात आलेलं अक्षर गोलसर, साबणावरच्या नावासारखं, आणि तळाशी वाळूचे दाणे असल्यासारखं खरबरीत. मग रंजकाचं छिद्र बघा. शोभेच्या मालात ते आरपार नसतंच, किंवा नळी आतून दोन इंचांवर भरीव असते. स्क्रूच्या खाचा सगळ्या एकाच रुंदीच्या, यंत्राने कापलेल्या असतील तर माल कालपरवाचा. लाकडाचा रंग खाचाखोचांत आणि उघड्यावर सारखाच असेल, वासही बूट पॉलिशचा येत असेल, तर आणखी काही बघायला नको. खरा वापर हाताखाली, चापाच्या कडीवर आणि घोड्याच्या टोकावर झिजवतो. बनावट झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती एकाच माणसाने एकाच दुपारी केलेली असते.

'पिढीजात नवाबाच्या घरून', 'शेवटचा पीस', 'उद्या फॉरेनवाला नेणार' ही तीन वाक्यं ऐकू आली की पाकीट खिशात ठेवा. आणि अस्सल निघालं तर आनंद करण्याआधी परवान्याचा प्रश्न उभा राहतो, तो खाली आहे.

प्रश्न : घोडा मागे ओढून यंत्रणा चालते का बघू का? मुलांना दाखवायचंय. (विरार)

नाही. तोंडाकडून भरायची पिस्तुलं भरलेल्या अवस्थेत ठेवून दिलेली सापडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर वर्षांनी निकामी होत नाही. निप्पलवर टोपी चिकटलेली दिसली तर हातही लावू नका. टोपी नसेल तर तोंड माणसांपासून दूर, भिंतीकडे ठेवून, स्वतः बाजूला राहून, गुळगुळीत बांबूची काडी नळीत अलगद सोडा. धातूचा गज नको. टेकली की तोंडापाशी पेन्सिलने खूण करा. मग काडी बाहेर काढून नळीच्या अंगाशी धरा. तिचं टोक रंजकाच्या छिद्रापर्यंत पोचलं पाहिजे. इंचभर आधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचं घर असेल, चिंधी असेल किंवा दारू-गोळी असेल. बाहेरून सांगता येत नाही, म्हणून उकरायचं नाही. पोलीस ठाण्याला कळवा.

रिकामं असलं तरी कोरडा घोडा आपटू नये. निप्पलचं तोंड चेपतं, आणि चकमकीच्या घोड्याची मान मोडते. मुलांना फोटो दाखवा.

प्रश्न : शिक्के काळे पडलेत. पितळ पॉलिश आणि बारीक एमरी पेपरने चकाचक करून मग फोटो पाठवू का? (मुलुंड)

नका, नका, नका. दर आठवड्याला हा प्रश्न येतो, आणि निम्म्या वेळा तो 'चकाचक केलंय, आता सांगा' अशा रूपात येतो. मग सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

काय होतं ते नीट समजून घ्या. शिक्का म्हणजे धातूत ठोकलेला उथळ खड्डा. त्याच्याभोवतीचा पृष्ठभाग गंजाने आधीच थोडा खाल्लेला असतो. एमरी पेपर वरची पातळी खाली आणतो, खड्डा जागेवरच राहतो, म्हणजे प्रत्येक फेरीला अक्षर उथळ होत जातं. मोठा मुकुट, मोठं 'टॉवर' टिकतं आणि तुम्हाला वाटतं काम छान झालं. आधी जातात ते तपासनिसांचे दोन-तीन मिलिमीटरचे ठसे : मुकुटाखाली एखादा आकडा, प्रूफची (दाब सोसण्याच्या चाचणीची) जोडखूण, स्क्रूच्या डोक्यावरची जुळणीची रेघ. मोठ्या अक्षरांची नक्कल कुणीही करतो. साल आणि अस्सलपणा ठरतो तो या बारीक ठशांवर.

बफिंगचं चाक त्याहून वाईट. मोटर मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेते आणि कापडाचं चाक धातूला एकाच दिशेने ओढतं. लॉक प्लेटच्या सरळ कडा गोल होतात, स्क्रूची छिद्रं बशीसारखी पसरतात, अक्षराची एक बाजू धारदार राहते आणि दुसरी उतरती होते. ती उतरण एकदा ओळखीची झाली की दहा फुटांवरून दिसते, आणि जाणकार ग्राहक तिथूनच परत फिरतो. दस्त्याला सँडपेपर मारून पॉलिश करणाऱ्यांनी तर कोठाराचे लाकडात ठोकलेले शिक्केच भुशात घालवलेत.

घरगुती उपायांचंही सांगतो. चिंच आणि मीठ समईला ठीक. पिस्तुलाच्या पितळी भागाला लावलं तर आम्लाने जस्त निघून जाऊन पृष्ठभाग तांबूस होतो, आणि मिठातलं क्लोराइड शेजारच्या लोखंडात शिरतं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ते पुढे थांबत नाही. वरून पुसलं तरी आतून फोड येत राहतात. अमोनिया असलेलं पॉलिश पितळेच्या पातळ, ताण असलेल्या भागांना भेगा पाडू शकतं, आणि त्याची पांढरी पूड अक्षरांत कायमची बसते. संडास साफ करायचं आम्ल वापरणारेही आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलणार! लोखंड करडं, भुरभुरीत होतं आणि शिक्के पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे दिसतात.

याला कायद्याचीही एक बाजू आहे, ती कुणी लक्षात घेत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखखूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. आणि खूण पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असं धरलं जातं, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. 'साहेब, साफ करत होतो' हा बचाव तुम्हाला न्यायालयात मांडावा लागेल. एमरी पेपर स्वस्त असतो, वकील नसतो.

मग करायचं काय? वरच्या उत्तरातली काडीची तपासणी आधी. त्यानंतर कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. शिक्क्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि चोवीस तास विसरून जा. दुसऱ्या दिवशी कापसाच्या बोळ्याने टिपा, अक्षरातला मऊ झालेला मळ टोक बोथट केलेल्या बांबूच्या काडीने अलगद काढा. पुन्हा थेंब, पुन्हा चोवीस तास. चार-पाच वेळा करावं लागलं तर करा. लाल, हाताला लागणारा गंज निघाला आणि खाली घट्ट तपकिरी थर दिसला की थांबा. तो थर घाण नाही. धातूचं वय तिथे आहे, आणि पुढच्या गंजाला तोच अडवतो. खडू चोळून अक्षरं उठवायची युक्ती इंटरनेटवर दिसते, ती इथे नको : पूड खाचेत राहते आणि ओलावा धरते. त्याऐवजी तिरपा उजेड आणि बटर पेपरवर मऊ सहा-बी पेन्सिलने घेतलेला ठसा. अर्ध्या वेळा डोळ्यांना न दिसणारं अक्षर कागदावर उमटतं.

ठेवताना जुन्या चामडी म्यानात ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं पितळेवर हिरवा आणि लोखंडावर लाल थर आणतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं तर ओलावा आत कोंडतो. सुती कापड, डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला एक नजर. बोटांचा घाम पुसून ठेवा. याच्यापुढचं काही करायचं असेल तर धातूंचं संवर्धन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडे जा. बफिंगवाला, सोनार आणि उत्साही जावई यांत येत नाहीत.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. त्यांच्या रिव्हॉल्व्हरवर 'वेबली, मार्क सहा, पेटंट्स, १९१७' असं आहे. १९०६चं असं काकांचं म्हणणं. (कोल्हापूर, सध्या दादर)

काका चुकताहेत. मार्कचा आकडा म्हणजे नमुन्याचा क्रम. त्याचं सालाशी नातं नाही. मार्क एक १८८७चा, मार्क चार १८९९चा, मार्क पाच १९१३चा आणि मार्क सहा १९१५मध्ये स्वीकारला गेला. फ्रेमच्या डाव्या बाजूचं १९१७ हे बनावटीचं साल. 'पेटंट' या शब्दाने गोंधळू नका : काही अमेरिकी रिव्हॉल्व्हरांवर नुसत्या पेटंटच्या तारखा असतात, तिथे शेवटची तारीख म्हणजे 'याच्या आधीचं नाही' एवढाच अर्थ.

ताडून बघायला सोपं आहे. मार्क सहाची नळी सहा इंची आणि दस्त्याचं टोक चौकोनी; त्याआधीचे दस्ते पक्ष्याच्या चोचीसारखे वळलेले. फ्रेम, नळी आणि सिलिंडरवरचा क्रमांक एकच हवा. सिलिंडरचा वेगळा असेल तर कधीतरी बदललंय. त्याने इतिहास खोटा ठरत नाही, किंमत उतरते. मुकुटाखाली 'एनफिल्ड' आणि १९२१ ते १९२६मधलं साल असतं तर ते महायुद्धानंतर सरकारी कारखान्यात बनलेलं, म्हणजे पणजोबांच्या गोष्टीशी जुळलं नसतं. १९१७ जुळतं. पण जुळतं म्हणजे सिद्ध होतं असं नाही. नाव, पलटण, कागद यांचा दुवा वेगळा शोधावा लागतो.

आता गंभीर भाग. हे .४५५ बोअरचं आहे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इथे इंचात). फौजेच्या सेवेतली .४५५ आणि .३८० रिमवाली (बुडाला बाहेर आलेली कड असलेली), ९ मिलिमीटर आणि .४५ची रिमविरहित काडतुसं ज्यात बसतात ती हत्यारं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरची. त्यांचा परवाना जिल्ह्यात किंवा आयुक्तालयात मिळत नाही, तो केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हातात. घरात कुणाच्या नावाचा परवाना आहे का ते आज संध्याकाळीच शोधा.

प्रश्न : रिव्हॉल्व्हरवर .३८, .७६७ आणि साडेतीन टन असं ठोकलंय. इतका भार पेलतं? शिवाय घोड्याची शेपटी तुटलीय, वेल्डिंग करून घेऊ का? (नाशिक)

टन म्हणजे काडतुसाचा दाब, चौरस इंचाला साडेतीन टन; .७६७ ही काडतुसाच्या नळकांड्याची इंचातली लांबी. हे इंग्लंडच्या प्रूफ हाउसचे शिक्के, सरकारी माल दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात विकायला काढताना मारलेले, म्हणून त्यांच्यावरून बनावटीचं साल काढू नका. शेपटी, म्हणजे अंगठ्याने घोडा ओढायचं टोक, तुटलेली नाही. तुमचं बहुधा एनफिल्ड नंबर दोन, आणि त्याचा १९३८चा सुधारित नमुना तसाच बिनशेपटीचा निघाला, रणगाड्याच्या आत कुठे अडकू नये म्हणून. वेल्डिंगवाल्याकडे नेलंत तर वस्तू जाईल आणि बरोबर तुम्हीही. परवान्याबद्दल वरचंच लागू.

प्रश्न : ब्रह्मदेशाच्या लढाईतून आलेलं जपानी पिस्तूल. उजव्या बाजूला जपानी अक्षरं आणि १९.३. म्हणजे १९१९ का? (कल्याण)

१९४४चा मार्च. हा शोवा सम्राटाच्या कारकिर्दीचा आकडा. त्यात १९२५ मिळवायचे. टिंबानंतरचा आकडा महिन्याचा. हे बहुधा 'टाइप चौदा', आणि तो चौदा हा आधीच्या तैशो सम्राटाच्या चौदाव्या वर्षाचा, म्हणजे १९२५चा. चापाची कडी मोठी, फुगीर असायला हवी. ती १९३९च्या सुमारास आली. १९.३सोबत लहान गोल कडी दिसली तर फ्रेम जाणकाराला दाखवा.

प्रश्न : शंभर वर्षांपेक्षा जुन्या हत्याराला परवाना लागत नाही, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. (बोरिवली)

अर्धवट वाचलंत. शस्त्र अधिनियमाचं कलम ४५ जुन्या घाटणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या हत्याराला सूट देतं ते दुरुस्ती करूनही चालू शकणार नसेल तर. शंभर वर्षांचा आकडा त्यात नाही. तो पुरावशेषांच्या १९७२च्या कायद्यातला, आणि तो कायदा बंदूक बाळगायची मुभा देत नाही. २०२०च्या नियमबदलाने 'क्युरिओ' (जुनी, संग्रहात ठेवण्याजोगी वस्तू) ठरणारी हत्यारं परवान्याशिवाय ठेवता येतात, पण वापरायला, अंगावर बाळगायला, एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला परवाना लागतोच. आणि तुमची वस्तू क्युरिओ आहे हे तुम्ही, मी किंवा दुकानदार ठरवत नाही. परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. १९१७चं चालू वेबली त्यात बसेल या भरवशावर राहू नका : विनापरवाना बंदुकीला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, प्रतिबंधित हत्याराला किमान सात.

प्रश्न : वडील जाऊन तीन वर्षं झाली. परवाना त्यांच्या नावावर, पिस्तूल कपाटात. घरचं वातावरण शांत झालं की करू म्हटलं. आता काय? (परळ)

तीन वर्षं फार झाली. परवाना वारशाने येत नाही. तो माणसाबरोबर संपतो. हत्यार वारशाने येऊ शकतं, पण ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, स्वतःच्या परवान्याचा अर्ज लागल्यावर. कलम २१ 'अनावश्यक विलंबाशिवाय' जमा करायला सांगतं. त्यात वर्षश्राद्धाची मुदत नाही, सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचीही नाही.

क्रम असा ठेवा. मृत्यूचा दाखला, वडिलांचा परवाना आणि हत्याराच्या क्रमांकाचा फोटो एकत्र करा. वकिलाशी बोलून उशिराचं कारण एका पानात लिहा. आधी रिकाम्या हाताने पोलीस ठाण्यात जा, अर्ज द्या, पोच घ्या आणि हत्यार कसं आणायचं ते त्यांना विचारा. बॅगेत घालून लोकलने आणू नका. जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर बनावट, बोअर, क्रमांक आणि अवस्था लिहून घ्या; 'एक जुने पिस्तूल' एवढ्यावर सही करू नका, नाहीतर परत काय मिळेल याला काही आधार राहत नाही. परवान्याचा अर्ज मुंबईत पोलीस आयुक्तांकडे, आयुक्तालय नसलेल्या भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. ठेवायचंच नसेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकता येतं किंवा सरकारजमा करता येतं. भावाभावांत वाद असेल तर तो हत्यार जमा असताना घाला.

प्रश्न : भाचा लंडनला असतो, तिथल्या लिलावात चांगला भाव येईल म्हणतो. कुरिअरने पाठवू? (विलेपार्ले)

नाही. शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावशेष, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभरच्या आतली असली तरी ती बंदूक आहेच. भाच्याला तिथल्या संग्रहालयात नेऊन आणायला सांगा.

प्रश्न : नुसत्या फोटोवरून किंमत सांगाल का? (अनेकजण)

नाही. शिक्के वाचायला मात्र फोटो चालतात, नीट काढले तर. दोन्ही बाजूंचा पूर्ण फोटो, शेजारी शाळेची सेंटिमीटरची पट्टी. मग प्रत्येक शिक्का वेगळा, मोबाइल हातभर लांब धरून झूम केलेला, फ्लॅश बंद, टॉर्च एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून तिरपा. नळीचा बुडखा वरून आणि खालून, दस्त्याची टोपी, सगळ्या स्क्रूंची डोकी. नळीचा आतला व्यास तोंडाशी, मिलिमीटरमध्ये. क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे झाकून पाठवा. आणि फोटोत लहान मुलाच्या हातात पिस्तूल असेल तर उत्तर मिळणार नाही.